मागचं मी करते

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवायला नको. शेंगदाणे आणले तर त्यातले दोन-चार फोडून, वास घेऊन मगच डब्यात भरते. दुकानदार हसून बोलला की वजनकाट्याकडे बघते. "आज आमटी काय झक्कास झालीय" असं नवरा म्हणाला की मला वाटतं, याचं काहीतरी काम अडलेलं असणार. आणि बहुतेक वेळा असतंही. त्यामुळे स्वभाव सुधारायची संधी मला कोणी दिलेलीच नाही.

अशा मला पंचेचाळिशीत, बरीच वर्षं घरी काढल्यावर, नोकरी लागली. ठाण्यात कोलशेतला टाइल्सचं मोठं दुकान आहे. आलेल्या गिऱ्हाइकाला बसवायचं, पाणी विचारायचं, बाथरूमसाठी हवंय की किचनसाठी ते ऐकून घ्यायचं आणि योग्य माणसाकडे पाठवायचं. काम सोपं होतं, पण माझं होतं. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून दुपारी मी भिंतीकडे बघत बसायचे, त्यामुळे ही नोकरी मला किती हवी होती ते माझं मलाच माहीत. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

आमच्या डोंबिवलीच्या घरात तिघंच जण: मी, नवरा आणि सासूबाई. नवऱ्याला आनंद झाला. सासूबाई लसूण सोलत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि पुढची पाकळी उचलली.

तिथे मला पाणी मुरताना दिसलं. कारण या बाई "बरं" म्हणून गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. मी पडद्याचा रंग बदलला तर आठवडाभर त्यावर बोलतात. दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. दुधावरची साय, जी या घरात पूर्वी नातवाला आणि नंतर मुलाला जायची, ती त्यांनी माझ्या पोळीवर वाढली. मी नवऱ्याकडे बघितलं. तो पेपर वाचत होता. त्याच संध्याकाळी बाजारातून आले तर त्या कळव्याला, धाकट्या दिरांकडे, फोनवर बोलत होत्या. चपला काढल्याचा आवाज झाला आणि त्या एकदम म्हणाल्या, "ठेवते रे. उकाडा फार आहे." नंतर पॅसेजमध्ये शेजारच्या काकूंशी बोलताना ऐकलं, "बघू, किती दिवस टिकते." मी दाराची कडी काढायला हात वर केलेला, तो तसाच राहिला.

पुढचे दिवस त्या मला एकेक प्रश्न विचारत राहिल्या. घरून निघणार किती वाजता? गाडी चुकली तर? दुपारी यायला मिळतं का? संध्याकाळी अंधार पडतो का तोवर? सहज विचारल्यासारखं, गहू निवडता निवडता. मी हातचं राखून उत्तरं द्यायचे. या बाईंना मी घराबाहेर पडायला नको आहे, हे मला लख्ख दिसत होतं. का नको आहे, ते कळत नव्हतं. आणि त्या नेमकं काय करणार, तेही कळत नव्हतं.

यात केसांचं मध्येच निघालं. दुकानात भेटायला गेलेले तेव्हा तिथल्या दोन मुली बघितलेल्या. त्यांचे केस वरून काळे आणि खाली येता येता तपकिरी, टोकाशी मधाच्या रंगाचे. कुठे काळं संपलं आणि कुठे तपकिरी सुरू झालं ते कळतच नव्हतं. माझे केस कमरेपर्यंत, पुढून पेटीतला काळा रंग लावलेले, आणि भांगात दर काही दिवसांनी पांढरी रेघ. आरशात बघितलं की वाटायचं, ही बाई गिऱ्हाईक म्हणून आलीय, नोकरीवर नाही. मी ठरवलं, सोमवारच्या आत आपणही तो उतरता रंग करायचा.

पार्लरमध्ये जायचा प्रश्नच नव्हता. आमच्याच इमारतीत खाली एक बाई पार्लर चालवते. तिने एकदा माझ्या दोन भुवया दोन वेगळ्या बायकांच्या असाव्यात तशा कोरून दिलेल्या. शिवाय तिच्याकडे गेलेली गोष्ट चहाच्या वेळेपर्यंत चारही मजल्यांवर पोचते. घरीच करायचं ठरवलं. व्हिडिओ बघितले. त्यांच्यावरही माझा विश्वास नाही, कारण मुलगी ब्रश हातात घेते, मग मध्येच कापाकापी, आणि एकदम केस वाळलेले, चमकणारे, मागे गाणं. खरं जे काही होतं ते त्या कापलेल्या भागात होत असणार.

पण कृती समजली. केसांचे भाग पाडायचे. जिथून रंग उतरता हवा, तिथे केस कंगव्याने उलटे वर ढकलून गुंता करून ठेवायचा, म्हणजे ब्लीच लावल्यावर सरळ रेघ उमटत नाही. टोकाला भरपूर लावायचं, वर जाताना ब्रश नुसता उभा फिरवायचा. फॉइलमध्ये गुंडाळून थांबायचं, धुवायचं, आणि मग त्यावर तपकिरी छटा चढवायची. आणलेल्या ब्लीचच्या पेटीवरची सूचना मी दोनदा वाचली. आधी एका बटेवर करून बघा, असं लिहिलेलं. मी कानाजवळची बट घेतली. छान उतरली. तरी समाधान होईना म्हणून कपाळाजवळची आणखी एक घेतली. तीही छान. मेंदी लावलेल्या केसांवर वापरू नये, असंही बारीक अक्षरात होतं. मेंदी सासूबाई लावतात, मी नाही. मी पुढे गेले.

शनिवारी दुपारी नवरा कामावर होता. गॅलरीच्या ग्रिलला आरसा अडकवला, जुना गाउन घातला, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पावडर कालवली. पोळ्यांसाठी आणलेल्या फॉइलचे तुकडे करून ठेवले. पुढचे भाग झक्क झाले. मग मागे हात नेला आणि सगळं उलटं व्हायला लागलं. दुसरा आरसा धरला की हात कमी पडायचा, आरसा ठेवला की ब्रश डावीकडे न्यावा तर उजवीकडे जायचा.

"मागचं मी करते," दारातून आवाज आला.

सासूबाई पदर खोचून उभ्या होत्या. केसांना रंग लावण्याला ज्या बाई इतकी वर्षं थेर म्हणत आल्या, त्या. माझ्या मनात पाल नुसती चुकचुकली नाही, भिंतभर फिरली. परवा सोमवार. आणि माझ्या डोक्याची जी बाजू मला या जन्मात दिसणार नाही, तीच या मागतायत.

"राहू दे आई, तुमची कंबर दुखेल," मी म्हटलं. गेल्या वर्षी त्या बाथरूममध्ये पडलेल्या, तेव्हापासून कमरेला पट्टा असतो.

"तू स्टुलावर बसलीस की मला वाकायला नाही लागत."

ब्लीच कालवून झालेलं, ते टिकत नाही. दुसरं कोणाला बोलवणार? मी हातमोजे काढून त्यांच्या हातात दिले. पण अशी बसले की आरशात त्यांच्यावर नजर राहील. बसल्यावर कळलं की आरशात फक्त त्यांचा चेहरा दिसतोय, हात नाही. मग मी चेहऱ्यावर पाळत ठेवली.

"कुठपर्यंत लावू?"

"खांद्याच्या खाली. वर नको."

"वर नको," त्या म्हणाल्या, मला नाही, स्वतःला सांगितल्यासारखं.

त्यांचा हात हलका होता, हे मला कबूल करावं लागेल. एकेक बट सोडवत होत्या, लावत होत्या, फॉइलमध्ये दुमडत होत्या. मोजे घालून फॉइल दुमडता येईना म्हणून त्यांनी ते काढून ठेवले. मी मान खाली घातली की लगेच डोळे वर करून आरशात बघायचे. मग एका क्षणी सगळं थांबलं. ओठ घट्ट मिटलेले, नजर माझ्या मानेवर. ब्रश हवेत असणार, कारण केसांना काहीच लागत नव्हतं. त्या नुसत्या उभ्या होत्या.

"काय झालं?"

"काही नाही. बघतेय."

"काय बघताय?"

"अगं, काही नाही म्हटलं ना. बस सरळ."

त्यांनी पुन्हा सुरू केलं. शेवटचं फॉइल दुमडलं. मी विचार करत बसले की ते थांबणं कसलं होतं. त्यात थोडा वेळ गेला असेल, आणि मानेमागे गरम लागायला लागलं. आधी वाटलं ऊन आलं. मग गरम इडली ठेवावी तसं वाटलं. मी हात मागे नेणार तोच सासूबाई ओरडल्या, "हलू नको," आणि त्यांनी फॉइल ओढून काढायला सुरुवात केली. जळका वास आला, वाफ आली. त्यांनी मला केसांना धरून, अक्षरशः केसांना धरून, बाथरूममध्ये नेलं आणि बादलीतून तांब्यामागून तांब्या पाणी ओतलं.

केस गार झाले. मी हात फिरवला तर मागची एक जाड बट रबरासारखी ताणली गेली आणि माझ्या हातात आली.

"मुद्दाम केलंत ना?" मी म्हटलं. ओल्या केसांतून पाणी डोळ्यांत जात होतं आणि मला ते थांबवायचंही नव्हतं. "मी जाऊ नये म्हणून. पहिल्या दिवसापासून बघतेय मी. साय काय, फोन काय. मुद्दाम केलंत."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. ज्या बाईकडे प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं ती गप्प बसली, म्हणजे मी खरं तेच बोलले, असं मी धरून चालले.

डोक्याला टॉवेल गुंडाळून शेवटी त्याच खालच्या पार्लरवालीकडे गेले. संशयी माणसावर अशी वेळ येते. तिने बघितलं, मान हलवली, आणि मागचे केस खांद्याच्या वर कापावे लागतील म्हणाली. कात्री चालवता चालवता विचारलं, "ताई, मेंदी लावता का?"

"छे," मी म्हटलं. "सासूबाई लावतात."

जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मी थांबले. सासूबाई महिन्याला मेंदी लावतात. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवतात. गेली काही वर्षं विठ्ठलवाडीच्या बाजारातून सुटी काळी पावडर आणून तीही त्यात घालतात, कसली आहे देव जाणे. आणि त्यांच्या पातळ केसांना लावून ती दर वेळी उरते. उरलेली टाकायची कशी? "फुकट जायला नको, तुझ्या शेपटाला लावते," असं म्हणून माझ्या केसांच्या मागच्या बाजूला त्या ती फासतात. मी टीव्ही बघत बसलेली असते. ती मेंदी आपण लावतो, असं मला कधी वाटलंच नव्हतं. ती त्यांची मेंदी होती, माझ्याकडे नुसती उरायची. म्हणून कानाजवळची बट छान उतरली, कपाळाजवळचीही उतरली, आणि मागे आग लागली.

म्हणजे त्यांनी केलेलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण ते थांबणं डोक्यातून जाईना.

वर आले तर त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेल्या. उजव्या हाताच्या बोटांना ओली कणीक थापलेली. गरम फॉइल उघड्या हातांनी काढलेलं, त्याने बोटं भाजलेली.

"मेंदीने झालं ते," मी म्हटलं. "उरलेली लावायचात ना, त्याने. तुमच्यामुळे नाही."

"हो का," त्या म्हणाल्या. "मला कुठे ठाऊक."

विषय तिथे संपला असता. त्या सुटलेल्या होत्या. मलाच राहवलं नाही.

"पण मध्येच थांबलात कशाला?"

त्यांनी कणीक दुसऱ्या हाताने दाबली.

"मनात आलेलं माझ्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ते सगळं वर फासून टाकावं. टाळूपर्यंत. मग काय जातेस तू सोमवारी."

इतके दिवस माझी खात्री होती. पण संशय खरा निघाल्यावर पुढे काय करायचं असतं, ते मला माहीत नव्हतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"मग फासलंत का नाही?"

"मान खाली घालून बसलेलीस तू," त्या म्हणाल्या. "मानेवर तीळ आहे तुझ्या. मोठा आहे. इतक्या वर्षांत मी कधी बघितलाच नव्हता. तो बघत राहिले, आणि मग नाही झालं माझ्याकडून."

मला त्यांचा राग आला होता, तो गेला नाही. पण मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. मी विचारलं, "माझ्या नोकरीने तुमचं काय बिघडतंय, आई?"

तेव्हा त्यांनी पडल्याचं सांगितलं. गेल्या वर्षी मी बँकेतून परत आले तेव्हा त्या बाथरूममध्ये पडलेल्या होत्या, मी धक्के देऊन दार उघडलं, आणि त्या "आत्ताच पडले" म्हणालेल्या. ते खोटं होतं. मी बाहेर पडले आणि लगेच त्या पडलेल्या. कडी आतून लावलेली, उठता येईना. हाका मारल्या. शेजारचा कुकर झाल्याचं ऐकू येत होतं. त्यांची जेवणं झाली, भांडी घासून झाली, टीव्ही लागला. कोणाला ऐकू गेलं नाही. फरशी गार होती आणि लुगडं ओलं.

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुझा नवरा म्हणाला असता, हिला एकटं ठेवायला नको. कळव्याला पाठवली असती मला. त्यांच्याकडे मला स्वतःची कपाटाची फळीसुद्धा नाही." मग म्हणाल्या, "तू घरात असतेस म्हणून मी अंघोळीला जाते. बाकी काही नाही. मला भीती वाटते गं."

मी नोकरी सोडते असं म्हणाले नाही, कारण मला सोडायची नव्हती. ते त्यांनाही कळलं असावं. मी चहा ठेवला आणि आम्ही दोघी तो प्यालो.

रविवारी नवऱ्याला सगळं सांगितलं. कळव्याचा विषय कोणी काढायचा नाही हे आधी ठरलं, मग बाकीचं. त्याने बाथरूमची आतली कडी काढली. अंघोळ मी निघायच्या आत. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे. आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी फोन करायचा. "काही गरज नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी काय लहान आहे?"

सोमवारी गेले. पुढून केस खरंच सुरेख दिसत होते, काळ्यातून मधाकडे उतरणारे. मागून तोकडे, ते क्लिपने वर घेतलेले. कोणी काही बोललं नाही, त्यामुळे सगळे बोलत असणार असं मला वाटत राहिलं. सुट्टी झाली तसा फोन लावला. रिंग गेली, गेली आणि बंद झाली. पुन्हा लावला. काकूंना लावला, त्यांचा लागेना.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहिते: नाटक. पहिल्याच दिवशी मी पळत घरी यावं म्हणून फोन घेत नाहीयेत. मी डबा उघडला. घास हातात घेतला आणि खाली ठेवला. पुन्हा रिंग. मग मला ती गार फरशी दिसायला लागली आणि शेजारचा कुकर ऐकू यायला लागला. पर्स घेतली, त्या मुलींपैकी एकीला "घरी जाते" म्हणाले आणि खाली आले. रस्त्यावर रिक्षा थांबवली. एक पाय आत ठेवून शेवटचा म्हणून फोन लावला.

"हॅलो," सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा, ठणठणीत.

"कुठे होतात तुम्ही?"

"इथेच. टेबलापाशी."

"फोन कुठे होता?"

"समोर."

"मग उचलत का नव्हतात?"

"बघत होते," त्या म्हणाल्या, "तू किती वेळा करतेस."

मला सणसणून राग आला. रिक्षावाला मागे वळून कुठे जायचं ते विचारत होता. त्याचा आवाज पलीकडे गेला असावा.

"कुठे आहेस?" त्यांनी विचारलं.

"रस्त्यावर. घरी यायला निघालेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि ताटावरचं झाकण उचलल्याचा.

"येऊ नको. जा परत," त्या म्हणाल्या. "मी जेवते आता."